ट्रेसिंग पॅड की मुक्तहस्त रेखाटन : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

वास्तवदर्शी व्यक्तिचित्र काढताना चेहऱ्याचा आराखडा मुक्तहस्ताने उभा करावा की छायाचित्र कागदाखाली ठेवून तो ट्रेस करावा, या प्रश्नावर मी कित्येक वर्षे दोन्ही बाजूंचे बोलणे ऐकत आले आहे. ट्रेस करणे ही सरळ फसवणूक आहे असे काही जण ठामपणे सांगतात. चित्र चांगले झाले म्हणजे पुरे, ते कसे झाले याच्याशी पाहणाऱ्याला काय करायचे आहे, असे इतर काही जण तितक्याच ठामपणे विचारतात. मला दोघांचेही म्हणणे अपुरे वाटत होते. म्हणून ए-३ आकाराचा, कागदाला खालून उजेड देणारा एक एलईडी ट्रेसिंग पॅड घेतला आणि आठ महिने तो नेमाने वापरला. या काळात पॅडच्या मदतीने आणि त्याच्याशिवाय मिळून चौदा व्यक्तिचित्रे पूर्ण केली, आणि त्यांपैकी तीन चेहरे दोन्ही पद्धतींनी काढून शेजारी शेजारी ठेवले. निर्मात्या कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण या पॅडची रचना सगळीकडे इतकी सारखी असते की पुढे लिहिलेले गुणदोष त्यांतल्या बहुतेकांना लागू पडतील.

आधी वस्तूविषयी लिहिते. पॅड म्हणजे सुमारे पाच मिलिमीटर जाडीची पांढरी पाटी असते. तिच्या एका कडेला एलईडी दिव्यांची ओळ असून त्यांचा प्रकाश आतल्या अ‍ॅक्रिलिकच्या पत्र्यात आडवा शिरतो आणि त्या पत्र्यावरच्या बारीक ठिपक्यांमुळे वरच्या दिशेला वळतो. ट्यूबलाइट बसवलेल्या जुन्या लाकडी लाइट बॉक्सच्या मानाने ही रचना हलकी आहे, ती फारशी तापत नाही आणि मोबाइलच्या चार्जरवर चालते. दिव्यांच्या समोरच्या कडेला उजेड किंचित उतरतो, पण कामात तो फरक जाणवत नाही. त्रास झाला तो दुसऱ्याच गोष्टींचा. चालू-बंद करण्याची स्पर्शाची कळ पॅडच्या कोपऱ्यात आहे आणि रेघ ओढताना तळहाताची कड तिच्यावर टेकली की दिवा विझतो. शेवटी मी तिच्यावर पुठ्ठ्याची लहानशी चौकट चिकटवली. पृष्ठभाग गुळगुळीत असल्यामुळे कागद सरकतो आणि तो धरून ठेवण्याची कोणतीही सोय नाही. उजेड सर्वांत कमी केला असता दिवे सूक्ष्मपणे लुकलुकतात, जे डोळ्यांना थेट दिसत नसले तरी मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिल्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात, आणि त्या उजेडात तासभर काम केल्यावर माझे डोके जड होते. मधला उजेड ठेवला की ही तक्रार राहत नाही.

कागदाच्या बाबतीत मात्र जाहिरातीतल्या चित्रांवर विसंबू नये. ८० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे दर चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) साध्या कागदातून खालचे छायाचित्र स्पष्ट दिसते. १६० ते २०० जीएसएमच्या ड्रॉइंग पेपरमधून ते दिसते, पण खोलीतला दिवा मालवावा लागतो. ३०० जीएसएमच्या जलरंगाच्या कागदातून डोळ्यांची बुबुळे, नाकपुड्या आणि केसांची बाहेरची कड यांसारख्या गडद जागांखेरीज काहीही हाती लागत नाही. छायाचित्राची प्रत फोटो पेपरवर न काढता साध्या कागदावर काढावी, कारण फोटो पेपर प्रकाश अडवतो. काळेभोर केस किंवा गडद सावलीतला जबडा पॅडवर एकसंध काळा डाग होऊन बसतो. अशा वेळी सावल्या मुद्दाम उजळ करून वेगळी प्रत काढावी आणि मूळ छायाचित्र समोर पाहायला ठेवावे.

आणखी एक दोष मला तिसऱ्या चित्रानंतर लक्षात आला, आणि तो पॅडच्या कामाच्या पद्धतीतच आहे. अंधाऱ्या खोलीत खालून उजेड येत असताना कागदावरची पेन्सिलीची रेघ फिकी भासते. रेघ उमटत नाही असे वाटून हात नकळत जोर लावतो, आणि पॅड बंद केल्यावर लक्षात येते की सगळा चेहरा तारेने बांधल्यासारखा जाड रेघांनी वेढला गेला आहे. या रेघा खोडल्या तरी कागदावर त्यांचे चर उरतात. पुढे त्यावरून ग्राफाइटची सावली फिरवली की शिसे चरात उतरत नाही आणि गालाच्या कोवळ्या मध्यछटेत पांढरी रेघ उभी राहते. कागदाच्या मागे शिसे घासून बॉलपेनने आराखडा उतरवण्याच्या जुन्या पद्धतीतही नेमके हेच होते. तेव्हापासून ट्रेस करायचे झाल्यास मी एचबी पेन्सिल टोकापासून बरीच दूर, सैल धरते आणि दर दहा मिनिटांनी पॅड बंद करून रेघांचे खरे वजन पाहते.

आता तीन चेहऱ्यांच्या तुलनेविषयी. पहिला चेहरा एका वृद्ध स्त्रीचा होता. ट्रेस करायला पंचवीस मिनिटे लागली. मुक्तहस्त आराखड्याला जवळजवळ तीन तास. डोळे, नाक आणि ओठ यांच्या जागा ट्रेस केलेल्या चित्रात अचूक होत्या, यात शंका नाही. परंतु सुरकुत्यांच्या बाबतीत ट्रेसिंगने माझी पूर्ण दिशाभूल केली. पॅडवर सुरकुती ही रेघ म्हणून दिसते आणि हात ती रेघ म्हणूनच उतरवतो. प्रत्यक्षात सुरकुती म्हणजे कातडीची लहानशी घडी असते, तिला एक उजेडाची बाजू, एक सावलीची बाजू आणि दोन्हींच्या मधला हळुवार उतार असतो, आणि बहुतेक सुरकुत्यांची एक कड स्पष्ट असली तरी दुसरी कड गालात विरघळून गेलेली असते. मी चाळीसेक रेघा प्रामाणिकपणे उतरवल्या आणि ती बाई छायाचित्रापेक्षा दहा वर्षांनी म्हातारी दिसू लागली. मुक्तहस्त चित्रात डावा डोळा थोडा वर गेला होता, हनुवटी अरुंद झाली होती, पण चेहऱ्यावरची कातडी कातडीसारखी दिसत होती, कारण तिथे प्रत्येक घडी काढण्याआधी ती कुठून सुरू होते आणि कुठे संपते हे मला पाहावे लागले होते.

दुसरा चेहरा चार वर्षांच्या मुलाचा. तिथे पॅडने जवळजवळ काहीच दिले नाही. लहान मुलाच्या चेहऱ्यावर कडा अशा फारच थोड्या असतात. सगळे रूप गालांच्या आणि कपाळाच्या गोलाईत, म्हणजे छटांच्या संथ बदलात असते, आणि छटेचा बदल कुठे संपतो याची रेघ ओढताच येत नाही. ट्रेस केलेल्या कागदावर दोन डोळे, दोन नाकपुड्या, ओठांची मधली रेघ आणि मधे मोठी पांढरी मोकळी जागा एवढेच उरले. त्या पांढऱ्या जागेतले सारे काम पुढे नजरेनेच करावे लागले.

तिसऱ्या चेहऱ्यात मात्र ट्रेसिंग सरळ जिंकले, आणि हे मान्य करायला हवे. तो पाऊण बाजूने दिसणारा, किंचित मागे झुकलेला पुरुषाचा चेहरा होता. अशा चेहऱ्यात दूरचा डोळा आकसतो, दूरचा गाल नाकाच्या आड जातो, ओठांची दूरची बाजू जवळच्या बाजूपेक्षा कितीतरी लहान होते, आणि ते सगळे एकाच तिरक्या अक्षावर बसवावे लागते. मी दोन वेळा मुक्तहस्ताने प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा दूरचा गाल रुंद काढला. पॅडवर तो प्रश्नच उद्भवला नाही.

या तिन्हींतून एक गोष्ट मला स्पष्ट दिसली. ट्रेसिंग कडांच्या जागा सांगते. कड किती तीक्ष्ण आहे, ती कुठे हरवते, तिच्या दोन्ही बाजूंच्या छटांमध्ये किती अंतर आहे, यांतले काहीही ते सांगत नाही. आणि चित्र हुबेहूब वाटते ते मुख्यतः याच गोष्टींमुळे. तीस तासांच्या पेन्सिल चित्रात आराखड्याचा वाटा दोन-तीन तासांचा असतो. शेडिंग सुरू झाले की ट्रेस केलेल्या रेघा त्याखाली एकेक करून बुडत जातात आणि दहाव्या तासाला माझ्यापुढे आधाराला एकही रेघ उरलेली नसते. तिथून पुढे प्रत्येक छटेची जागा आणि आकार मुक्तहस्तानेच ठरवावा लागतो. ज्याला ते येत नाही त्याचे ट्रेस केलेले चित्र अचूक आणि तरीही निर्जीव दिसते, रंग भरायच्या पुस्तकातल्या पानासारखे. ट्रेस केल्याने चित्र सोपे होईल या अपेक्षेने हा पॅड घेणाऱ्यांची निराशा होते ती इथे, आणि त्यात पॅडचा दोष नाही.

साधनाची ही मर्यादा नवी नाही. इटालियन कलापंडित लेओन बात्तिस्ता आल्बेर्ती याने १४३५ साली चित्रकलेवरील ग्रंथात चित्रकार आणि विषय यांच्या मधे धाग्यांच्या चौकटी असलेला विरळ पडदा लावण्याची युक्ती सांगितली. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने १५२५ च्या आपल्या ग्रंथात काचेतून पाहून समोर बसलेल्या माणसाची आकृती उतरवणारा चित्रकार दाखवला. व्हॅन गॉग १८८२ मध्ये हेगला असताना तारा ताणलेली लाकडी चौकट करवून घेऊन ती उघड्यावर घेऊन जात असे. इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम हाइड वॉलस्टन याने १८०६ मध्ये कॅमेरा ल्युसिडाचे पेटंट घेतले. त्यात चार बाजूंच्या लोलकातून पाहिले असता समोरचे दृश्य कागदावर पडल्यासारखे भासते आणि ते पेन्सिलीने गिरवता येते. याच उपकरणाची एक घटना मला आजच्या ट्रेसिंग पॅडविषयी लिहिताना फार महत्त्वाची वाटते. १८३३ साली विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट हा इंग्रज शास्त्रज्ञ इटलीतल्या कोमो सरोवराकाठी कॅमेरा ल्युसिडा घेऊन दृश्ये उतरवत बसला होता. लोलकातून पाहताना सगळे नीट दिसे, पण डोळा बाजूला करून कागद पाहिला की तिथे दुबळ्या, अर्थहीन रेघा असत. चित्र काढण्याची सवय नसलेल्या हाताला ते उपकरण चित्र देऊ शकले नाही. त्या निराशेतून प्रतिमा आपोआप कागदावर उमटवण्याचा विचार त्याच्या मनात आला आणि पुढे कागदावरच्या छायाचित्रणाची एक मूळ पद्धत त्याच्या हातून घडली.

याउलट ज्यांना चित्र काढता येत होते त्यांनी ट्रेसिंग मोकळेपणाने वापरले. फ्रेंच चित्रकार एदगार दगा स्वतःचीच रेखाटने पारदर्शक कागदावर पुन्हा पुन्हा उतरवून, उलटी करून, मोठी करून नव्या रचनांत बसवत असे. आपल्याकडच्या लघुचित्रांच्या चित्रशाळांत चरबा, म्हणजे पातळ पारदर्शक चामड्यावर उतरवलेला आराखडा, पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवला जाई आणि त्याच्या रेघांवर टोचलेल्या भोकांतून कोळशाची पूड झटकून तो नव्या कागदावर घेतला जाई. राफाएलने ‘स्कूल ऑफ अथेन्स’ या भित्तिचित्रासाठी काढलेला मूळ आकाराचा प्रचंड आराखडा आजही मिलानच्या आंब्रोझियाना संग्रहालयात आहे. अमेरिकन चित्रकार नॉर्मन रॉकवेल छायाचित्रे प्रोजेक्टरने मोठी पाडून आराखडे उतरवत असे आणि ते त्याने स्वतः सांगितले आहे. पण त्याआधी कित्येक वर्षे त्याने प्रत्यक्ष माणसे समोर बसवून काम केले होते. पंधराव्या शतकापासूनचे युरोपीय चित्रकार भिंगे आणि आरसे वापरत असावेत, असे चित्रकार डेव्हिड हॉक्नी आणि भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स फाल्को यांनी २००१ च्या सुमारास मांडले. त्यावर कलेतिहासकारांत आणि शास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. तो वाद कसाही सुटला तरी माझ्या प्रश्नापुरते एवढे पुरेसे आहे की टॅल्बट वगळता वरच्या उदाहरणांत ट्रेस करणारा हात आधी रेखाटनात तयार झालेला होता.

इथे एक शंका कोणीही काढील, आणि ती मलाही बराच काळ होती. लहानपणी आपण अक्षरे गिरवूनच शिकलो, मग चेहरे गिरवून चित्रकला का येऊ नये? आठ महिन्यांनी माझे उत्तर असे आहे की अक्षर गिरवताना आपण एक ठरलेले वळण हाताला लावतो. ‘क’ दर वेळी ‘क’च असतो, त्यामुळे हाताला त्याची सवय झाली की खालच्या पुसट अक्षराची गरज संपते. चेहऱ्याचे तसे नाही. पुढचा चेहरा वेगळा असतो, मानेचा कल वेगळा असतो, उजेड दुसऱ्या बाजूने आलेला असतो, आणि आधीचे शंभर चेहरे गिरवून हाताला लागलेले वळण तिथे उपयोगी पडत नाही. उपयोगी पडते ती दोन अंतरांची तुलना करायची नजरेची सवय, जी गिरवताना वापरलीच जात नाही.

ही सवय अवघड का आहे, याचा एक साधा प्रयोग आहे. आरशासमोर उभे राहून एक डोळा मिटावा आणि आरशाच्या काचेवर दिसणाऱ्या स्वतःच्या चेहऱ्याची बाह्यरेषा साबणाने काढावी. काचेवर उमटणारी आकृती खऱ्या चेहऱ्याच्या बरोबर निम्म्या उंचीची असते, आणि आरशापासून जवळ उभे राहिले काय किंवा दूर, ती निम्मीच राहते. आयुष्यभर रोज आरसा पाहणाऱ्या माणसालाही हे कधी जाणवलेले नसते, कारण मन डोळ्यांनी दिलेले माप बाजूला ठेवून माहीत असलेले माप पुढे करते. मुक्तहस्त रेखाटनातल्या बहुतेक चुका इथूनच येतात. डोळे हे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात, तरी शिकाऊ माणूस ते वर काढतो, कारण भाव डोळ्यांत आणि ओठांत असतात आणि कपाळावर काही घडत नाही म्हणून मन कपाळाची जागा आखडते. मुक्तहस्त रेखाटन म्हणजे मनाच्या या ढवळाढवळीशी दिलेली झुंज आहे. पेन्सिल समोर धरून माप घेणे, डोळ्याच्या रुंदीशी बाकी सगळी अंतरे ताडून पाहणे, भुवई आणि कान यांच्यामधली मोकळी जागा हाही एक आकार मानून तो काढणे, छायाचित्र आणि कागद दोन्ही उलटे करून काम करणे, हे सगळे त्यासाठीच असते. ते संथ आहे, थकवणारे आहे, आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत त्याचे फळ दिसत नाही. पण समोर जिवंत माणूस बसला असेल तर दुसरा मार्गच नसतो, आणि ज्याला समोरच्या माणसाला पाहून चित्र काढण्याचा आनंद मिळवायचा आहे त्याने ही मेहनत टाळू नये असे मला मनापासून वाटते.

छायाचित्र ट्रेस करणाऱ्याने कॅमेऱ्याविषयीही सावध असावे. मोबाइल हातभर अंतरावर धरून काढलेल्या छायाचित्रात नाक मोठे येते, कान मागे सरकतात आणि चेहरा अरुंद दिसतो. हा परिणाम इतक्या जवळून पाहण्याचा आहे, आणि निदान दीड-दोन मीटर मागे सरकून छायाचित्र घेतले तर तो जातो. छायाचित्र पाहताना आपण ही विकृती मनातल्या मनात माफ करतो, पण तीच पेन्सिलीत उतरली की नातेवाईक म्हणतात, चित्र चांगले आहे पण तो वाटत नाही. माझ्या पाचव्या चित्राचे असेच झाले. एकही रेघ जागची हलली नव्हती आणि साम्य मात्र नव्हते. मुक्तहस्ताने काढणारा, विशेषतः तो माणूस ओळखीचा असेल तर, नाक थोडे लहान करतो आणि कान पुढे आणतो, आणि ती दुरुस्ती बरोबर असते.

आता या पॅडचा जो उपयोग मला सर्वांत मोलाचा वाटला त्याविषयी. सहाव्या चित्रापासून मी क्रम उलटा केला. आधी छायाचित्र शेजारी ठेवून साध्या कागदावर पूर्ण मुक्तहस्त आराखडा करते. फक्त टाळू आणि हनुवटी यांच्या दोन खुणा छायाचित्राच्या मापाने आधीच करून ठेवते, म्हणजे दोन्ही प्रतिमांचा आकार एक राहतो. आराखडा माझ्या दृष्टीने बरोबर झाला आणि आता यात दुरुस्त करण्यासारखे काही दिसत नाही असे वाटले, की मगच पॅड लावते. खाली छायाचित्राची प्रत, वर माझे रेखाटन, दोन्हींच्या वरच्या कडेला चिकटपट्टीची बिजागरी, आणि दोन खुणा एकमेकींवर जुळवलेल्या. मग कागद उचलत आणि टेकवत लाल पेन्सिलीने फक्त फरक नोंदवते. ट्रेस काहीही करत नाही. पॅड बंद करून त्या लाल खुणांकडे पाहत आराखडा पुन्हा नजरेने दुरुस्त करते.

पहिल्या दिवशी दिसलेले फरक मला हादरवणारे होते. अठरा सेंटिमीटर उंचीच्या चेहऱ्यात ओठ सहा मिलिमीटर वर चढले होते आणि मला ते तीन तासांत दिसले नव्हते. पण खरा लाभ पुढे झाला. चार-पाच चित्रांच्या लाल खुणा एकत्र ठेवल्या तेव्हा लक्षात आले की चुका विखुरलेल्या नाहीत, त्या दर वेळी त्याच आहेत. मी डोळे मोठे काढते. कपाळ लहान काढते. पाऊण चेहऱ्यात दूरचा गाल रुंद करते. आणि मान कितीही कललेली असली तरी डोके थोडे सरळ करते, ही चौथी सवय तर मला कोणत्याही शिक्षकाने दाखवली नव्हती, कारण एकेकट्या चित्रात ती खपून जाते. या चार गोष्टी एका चिठ्ठीवर लिहून मी टेबलासमोर लावल्या. आता आराखडा पूर्ण झाला असे वाटले की आधी त्या चार जागा तपासते आणि मगच पॅडला हात लावते. बाराव्या चित्रात सर्वांत मोठा फरक दोन मिलिमीटरचा निघाला. तो तिरका पुरुषाचा चेहरा मी गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा मुक्तहस्ताने काढला आणि दूरचा गाल जागेवर बसला.

पॅडचे हे काम मुद्रितशोधकासारखे आहे. मजकूर आपण लिहायचा आणि चुका त्याने दाखवायच्या. खुणा पाहून चेहरा लगेच ट्रेस करून टाकण्याचा मोह होतो, तो टाळावा. लाल खूण पाहून स्वतः केलेली दुरुस्ती लक्षात राहते, ट्रेस केलेली राहत नाही.

तिसरा उपयोग थोडक्यात सांगते. साध्या कागदावर खाडाखोड करून पक्का केलेला आपलाच आराखडा चांगल्या ड्रॉइंग पेपरवर उतरवायला पॅड उत्तम आहे. चांगल्या कागदावर वारंवार खोडले की त्याचा पोत मरतो आणि पुढे तिथे शेडिंग डागाळते. हा धोका पूर्ण टळतो. त्यात कोणताही अप्रामाणिकपणा नाही, कारण उतरवली जाते ती आपलीच रेषा.

प्रामाणिकपणाचा मुद्दा उरतो तो छायाचित्र सरळ ट्रेस करण्याबाबत. माझे मत असे की ट्रेस करणे चुकीचे नाही, ते लपवणे चुकीचे आहे. चित्र कोणाला विकायचे असेल किंवा स्पर्धेला पाठवायचे असेल तर पद्धत सांगावी, स्पर्धेचे नियम आधी वाचावेत, आणि छायाचित्र दुसऱ्या कोणी काढलेले असेल तर त्याची परवानगी घ्यावी. मुक्तहस्त म्हणून मिरवलेले ट्रेस केलेले चित्र प्रामाणिकपणे तीन तास आराखड्यावर घालवणाऱ्या दुसऱ्या माणसावर अन्याय करते.

गुण द्यायचे झाले तर छायाचित्रावरून सरळ चित्र उतरवण्याचे साधन म्हणून या पॅडला पाचपैकी दोन, आपला आराखडा चांगल्या कागदावर घेण्यासाठी साडेचार, आणि मुक्तहस्त रेखाटन तपासण्यासाठी पूर्ण पाच. नुकतीच सुरुवात केलेल्याने पहिले तीन-चार महिने तो घेऊ नये. तोवर वही, पेन्सिल आणि समोर ठेवलेली एखादी वस्तू पुरते. घेताना कळ पृष्ठभागावर आहे की कडेला हे पाहावे, मोबाइलच्या कॅमेऱ्यातून सर्वांत कमी उजेडाची लुकलुक तपासावी, आणि आपण नेहमी वापरतो तो कागद सोबत नेऊन त्यातून प्रत्यक्ष काय दिसते ते बघावे. जागा असेल तर ए-४ ऐवजी ए-३ घ्यावा, कारण ए-४ पॅडवर अठरा सेंटिमीटरचा चेहरा मावतो, पण मान आणि खांदे बाहेर जातात, आणि मानेचा कल तपासायला खांद्यांची रेषा डोळ्यांपुढे असावी लागते.